फक्त डावा हेडलाइट

“सगळी कामं होतील असं लिहिलंस की कुणी थांबतच नाही, काका,” पुतणी म्हणाली. “एकच काम धर. वाचणाऱ्याने चकित व्हायला पाहिजे.”

दुकानांची सोशल मीडियावरची जाहिरात हा तिचा व्यवसाय. काकाच्या गॅरेजचं काम मात्र तिने घरचं म्हणून घेतलं होतं. गॅरेजची पार रया गेली होती. काकूच्या अपघातानंतर काका तीन महिने तिच्याजवळ हॉस्पिटलात होता, तेवढ्यात बांधलेली गिऱ्हाइकं पांगली. काकू अजून अंथरुणातच होती. गॅरेज बंद पडलं तर तिच्या उपचारांचं काय, हे घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

काकाने बराच वेळ पाना पुसला.

“डावा हेडलाइट,” तो म्हणाला.

“काय?”

“फुटला असेल तर नवा फुकट बसवून देऊ.” त्याने गाडीचं मॉडेल सांगितलं. ती गाडी दर चौथ्या दारात उभी असे. “माळ्यावर पडून आहेत. जुना मात्र आपण ठेवून घ्यायचा.”

“आणि उजवा?”

“उजवा नाही.”

पुतणीला हसू आवरेना. पण असली विक्षिप्त जाहिरात चालते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“आणि फॉर्मबिर्म भरून घेऊ नकोस,” काका म्हणाला. “नावगाव काही विचारायचं नाही. लोक बिचकतात.”

“वा! जाहिरातीतलं तुलाच जास्त कळायला लागलं. माझ्याच पोटावर पाय देतोस की काय?”

तिने व्हिडिओ केला. त्यात काकाचे काळे पडलेले हात होते आणि एक चकचकीत हेडलाइट, बाकी काही नाही. दहा किलोमीटरच्या आतल्या लोकांनाच दिसेल अशी व्यवस्था केली आणि सकाळी कामावर जायच्या वेळेला तो टाकला.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओखाली कॉमेंट्सची नुसती झुंबड. “उजव्याने तुमचं काय घोडं मारलंय?” असं विचारत लोक भांडायला लागले. पुतणी प्रत्येकाला तासाभरात उत्तर द्यायची, तेही थट्टेच्या सुरात. लोकांना मजा वाटली. मग कुणाचे ब्रेक आले, कुणाचा क्लच, कुणाचा चेपलेला दरवाजा. दोन महिन्यांत काकाला हाताखाली आणखी एक मेकॅनिक घ्यावा लागला. पुतणीला मनापासून आनंद झाला. इतक्या दुकानांची कामं केली, पण असा गुण कुठेच आला नव्हता.

फुटक्या डाव्या हेडलाइटच्या गाड्या तशा थोड्याच आल्या, अकरा. जुना हेडलाइट काका स्वतः उतरवायचा, मागच्या खोलीत न्यायचा आणि थोड्या वेळाने भंगारात टाकायचा. कामाचं काही निघतंय का बघत असेल, मुलखाचा चिकट, असं पुतणी म्हणायची.

संध्याकाळी तिचे बाबा यायचे आणि काकूजवळ बसून तिला भरवायचे. अपघातापासून त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. “दादा आहे म्हणून मी उभा आहे,” काका चारचौघांत सांगायचा आणि सांगताना त्याचे डोळे भरून यायचे.

“आता ती फुकटची योजना बंद करू या,” एके दिवशी पुतणी म्हणाली. “काम साधलं आपलं.”

“अजून नाही,” काका म्हणाला.

रविवारी सकाळी ती हॉर्न वाजवतच गॅरेजात शिरली.

“बारावं गिऱ्हाईक घरचंच!” ती गाडीतून उतरली. “बॅटरी गेलीय म्हणून बाबांनी केव्हाची कव्हर घालून ठेवलीय, आणि स्वतः बसने हिंडतात. आज कव्हर काढलं तर डावा हेडलाइट फुटलेला! तुला आणखी त्रास नको म्हणून बोलले नसणार. मीच नवी बॅटरी घातली आणि त्यांना न सांगता घेऊन आले.”

काकाने हेडलाइट उतरवला. या वेळी तो मागच्या खोलीत गेला नाही. तिथेच जमिनीवर बसला आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत काचेचा एक बोटभर तुकडा होता.

“हा कुठला रे?” पुतणीने विचारलं.

“तुझ्या काकूला उडवून पळालेल्या गाडीचा. तिच्या स्वेटरमध्ये अडकला होता. त्या दिवशी हॉस्पिटलात स्वेटर कापून काढला, तेव्हा मिळाला.”

काकाने तो तुकडा फुटक्या हेडलाइटच्या फटीत धरला. तो बरोब्बर बसला.