शंभरावा दिवस

त्रिशूरच्या भार्गवीअम्मांनी भंगारातले दोन संगणक जोडून घरचा सर्व्हर उभारला. थोरले बंधू अच्युतन हसले होते. "शंभर दिवस अखंड चालला, तरच तुला मानेन."

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी नवरात्रातली पूजा आली. ग्रंथ आणि यंत्रे सरस्वतीपुढे ठेवायची, विजयादशमीपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अम्मांनी स्वहस्ते सर्व्हर बंद करून रेशमी वस्त्राखाली ठेवला.

"हरलीस गं!"

"देवीपुढे हार कसली, एट्टा?" अम्मांनी थोरल्या भावाला विचारले.

विजयादशमीच्या सकाळी अच्युतन सर्व्हरला जोडायची विजेची वायर घेऊन आले आणि अम्मांनी वस्त्र उचलले. आत पंखा घुमत होता. संगणकाच्या पडद्यावर अक्षरे होती: अखंड चालू, शंभर दिवस.

"आता माना!"

अच्युतन यांनी हात पुढे केला. "अगं, वायर अजून माझ्या हातात आहे."

"मग ठेवा खाली," अम्मा ताठ मानेने म्हणाल्या. "इथे कुणाला हवी आहे ती?"