क्रिकहोल्मचा चौथा झेंडा

"बाई, तेवढं ते फडकं खाली घ्या बघू," प्रेबेनने बोटीतूनच ओरडून सांगितलं.

"आधी तू वर ये. कॉफी निवतेय," थीरा म्हणाली.

प्रेबेन समोरच्या मोठ्या बेटावरचा पोलीस. लहानपणी थीराबाईंच्याच वर्गात बसायचा. बाई निवृत्त झाल्या, धाकट्या भावासोबत क्रिकहोल्म या चिमुकल्या बेटावर राहायला आल्या आणि या वसंतात त्यांनी स्वतःला तिथली राणी म्हणून जाहीर केलं. भाऊ आस्गर परराष्ट्रमंत्री झाला. आरमारही तोच, कारण होडी त्याची होती. प्रजा म्हणून कोणी उरलं नव्हतं. पण त्यावाचून काही अडतही नव्हतं.

भांडण धक्क्याचं होतं. नगरपालिकेने ठरवलं होतं, की दोन म्हाताऱ्यांसाठी लाकडी धक्का सांभाळणं परवडत नाही, तो पाडायचा. धक्का गेला की टपालाची बोट बंद, डॉक्टर बंद, आणि मग दोघांची रवानगी वृद्धाश्रमात. थीराने नगराध्यक्षांना कळवलं, "आमच्या देशाच्या धक्क्याला हात लावायचा नाही."

नगराध्यक्षांनी उलट विचारलं, "कुठला देश?"

त्याच दिवशी पहिला झेंडा चढला. डेन्मार्कचाच लाल झेंडा, फक्त क्रॉस पिवळा.

प्रेबेनने कॉफी घेतली, दोन बिस्किटं खाल्ली आणि राष्ट्रध्वजाची विटंबना केल्याचा गुन्हा लावला. थीराने झेंडा उतरवला, तोही सूर्य मावळायच्या आत. बंड केलं म्हणून काय रीतभात सोडायची?

दुसरा झेंडा हिरवा होता. मधोमध चंदेरी हेरिंग मासा.

"ही मासळीची जाहिरात झाली," प्रेबेन म्हणाला. "परवाना कुठाय?"

"आम्ही हेरिंग विकत नाही रे, खातो," आस्गर म्हणाला.

"मग खानावळीची जाहिरात. खाली घ्या."

तोही उतरला.

तिसऱ्यावर नुसते निळे-पांढरे पट्टे होते. प्रेबेनने तो एका अंगाने पाहिला, दुसऱ्या अंगाने पाहिला, टोपी काढून डोकं खाजवलं.

"ही तर वाळत घातलेली चादर दिसते," तो म्हणाला. "चादरीला कलम नाही. राहू द्या."

"चादर?" थीरा ताडकन उठली. "राष्ट्राचा झेंडा आहे तो! भर खटला माझ्यावर!"

"कशाबद्दल भरू, बाई?"

"ते तू शोध! शाळेतही अर्धं उत्तर लिहून खिडकीबाहेर बघत बसायचास."

प्रेबेन कानापर्यंत लाल झाला आणि मुकाट्याने बोटीत जाऊन बसला. थीराने त्या दुपारी जेवणातल्या पावाला हातसुद्धा लावला नाही.

"ताई, त्याने सोडून दिलं की आपल्याला," आस्गर समजावू लागला. "म्हणजे आपणच जिंकलो."

"चादर म्हणून जिंकण्यापेक्षा झेंडा म्हणून हरलेलं बरं," थीरा म्हणाली आणि तिने शिवणयंत्रावरचं झाकण काढलं.

एव्हाना समोरच्या बंदरात क्रेनचा तराफा येऊन उभा राहिला होता. पुढच्या आठवड्यात धक्का पाडायला सुरुवात होणार होती.

चौथा झेंडा मात्र झेंडा होता. काळ्याभोर कापडावर पंख पसरलेला पांढरा सुरय पक्षी, त्याच्या डोक्यावर मुकुट आणि खाली राष्ट्राचं ब्रीदवाक्य: 'मुळीच नाही'. तो चढवायच्या समारंभाला थीराने नगराध्यक्षांना रीतसर आमंत्रण धाडलं. आस्गरने तुतारी फुंकली. ती फुटकी होती, पण वारा तिकडेच वाहत असल्याने नगरपालिकेपर्यंत ऐकू गेली. तराफ्यावरचे कामगार टाळ्या वाजवू लागले. मोठ्या बेटावर लोक दुर्बिणी घेऊन किनाऱ्यावर जमले, आणि कोणीतरी वर्तमानपत्राला फोन केला.

नगराध्यक्षांनी प्रेबेनला बोलावून घेतलं. "हसं करून ठेवलंय त्या बाईने माझं. सगळी पुस्तकं उपस, पण या खेपेला असं कलम काढ की पुन्हा काठीला दोरी बांधायची नाही!"

प्रेबेन आला तो कडक इस्त्रीच्या गणवेशात. चेहऱ्यावर पहिल्यांदाच पूर्ण उत्तर लिहिलेल्या मुलाचा आनंद.

"बाई, आज कॉफी नंतर," तो म्हणाला. "आज सुटका नाही. कलम सापडलंय."

"अस्सं? मग उभा राहून वाच. आणि खणखणीत वाच, तोंडातल्या तोंडात नको."

प्रेबेनने घसा साफ केला. "क्रिकहोल्म या परकीय राष्ट्राचा ध्वज परवानगीशिवाय फडकावल्याबद्दल—"

"थांबू नकोस. सह्या कोणाच्या?"

"पोलीसप्रमुखांची. आणि तक्रारदार म्हणून नगराध्यक्षांची. शिक्क्यासकट. गुन्हा कबूल आहे?"

"कबूल."

"ताई!" आस्गर कळवळला. "अगं, लढ की! एवढे दिवस लढलीस आणि आता एका शब्दात हार मानतेस?"

थीराने दोरी सोडली. झेंडा जमिनीला लागू नये म्हणून आस्गरने खालचं टोक धरलं. दोघांनी मिळून नीट घडी घातली. थीराने कबुलीजबाबावर सही केली, आरोपपत्राची प्रत मागून घेतली आणि दंडही तिथल्या तिथे भरून टाकला.

समोर क्रेनच्या तराफ्याचं इंजिन सुरू झालं. आस्गरने तोंड फिरवलं.

प्रेबेनलाही आता कसंनुसं झालं. "वाईट वाटून घेऊ नका, बाई. कायदा म्हणजे कायदा. कॉफी पुढल्या वेळी." तो टोपी घालून बोटीकडे निघाला.

"प्रेबेन," थीराने धक्क्याच्या तोंडाशी त्याची वाट अडवली. "पासपोर्ट दाखव."