अप्पांच्या धोतरावरचा डाग

डाग हलला नाही.

बुद्धभूषणने स्वतः बनवलेली धुण्याची पावडर घातलेल्या बादलीतून धोतर पुन्हा वर काढलं. चहाचा तपकिरी डाग मघाशी होता तिथेच ठाण मांडून बसला होता. पूर्णा स्टेशनजवळच्या गुरुसिद्धप्पांच्या किराणा दुकानासमोर माणसं जमली होती. एकजण तर हसायलाही लागला होता.

"लिंबाचा वास झकास यायलाय सर," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "पण डाग हाय तसाच हाय. असला माल मी दुकानात कसा ठिवू?"

बुद्धभूषण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याला सगळं तोंडपाठ होतं. पावडरीतला ऑक्सिजन कढत पाण्याशिवाय डागाला दाद देत नाही. थंड पाण्यात त्याला कामाला लावायचं, तर जोडीला ॲक्टिव्हेटर, म्हणजे त्याला चेतवणारं रसायन हवं; तेही त्याने घातलं होतं. दोन्ही मिळून जे आम्ल तयार करतात, ते डाग काढतं. पण त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास झाकायला त्यानेच हौसेने लिंबाचं अत्तर ओतलं होतं. बायकोचे, धम्मशीलाचे हात कपडे घासून फुटतात, ते त्याला बघवत नसे. म्हणून दोन वर्षं हा खटाटोप. आता नोकरी सोडून कारखाना काढायचाही बेत ठरला होता. आणि आज भर बाजारात एका धोतराने त्याचं नाक कापलं.

तो चिडून मागे वळला. धम्मशीला पाकिटांची पिशवी घेऊन उभी होती.

"सांग गं अप्पांना! आपल्या घरी निघतो का न्हाई डाग?"

"निघतो," ती खाली बघत म्हणाली.

"ऐकलं?" तो ओरडला. पण गुरुसिद्धप्पा धोतर पिळून केव्हाच गिऱ्हाइकाकडे वळले होते.

परतताना वाटभर त्याची चिडचिड थांबेना. बोअरचं पाणीच जड. बादलीच गंजकी. अप्पांचं धोतरच जुनाट. त्याला पाण्याचा, गावाचा, स्वतःचा, सगळ्यांचाच राग येत होता. रोज सकाळी तो डागाळलेले कपडे स्वतः भिजवून कॉलेजला जायचा आणि संध्याकाळी ते दोरीवर पांढरेशुभ्र वाळताना बघायचा. मग खोट पावडरीत असेलच कशी?

रेल्वेचं फाटक बंद होतं. दोघं थांबले.

"उद्याच राजीनामा देतो," तो म्हणाला. "येकदा कारखाना उभा राहू दे, मग बघतो येकेकाला."

धम्मशीलाने त्याची बाही धरली.

"अहो, नका देऊ," ती म्हणाली. "पैल्या दिवशी डाग निघाला न्हाई. तुमचं तोंड उतरलं असतं, ते मला बघवलं नसतं. तवापासून तुमी कॉलेजला गेलात की मीच कपडे दगडावर घासते."