चारची कूस

मूसेनने पाठीवरची पिशवी उतरवली आणि देवळाच्या अंगणातल्या वडाखाली बाकावर टेकला. दुपारचे दोन वाजत होते. सकाळपासून तो दक्षिणेतल्या ताइनान शहरात नुसता हिंडत होता. एका टपरीवर माशाची पेज प्यायला, न्हाव्याकडे दाढी करून घेतली, दोन गल्ल्या चुकला आणि चुकल्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याच्या गावी, कीलुंगला, सदा पाऊस. इथं भर हिवाळ्यात पाठीवर ऊन येत होतं.

पिशवी त्याच्या बहिणीने घेऊन दिली होती. अकरा वर्षं आईच्या उशाशी काढलीस दादा, आता महिनाभर कुठंही जा, पण या घरात बसू नकोस, असं म्हणून सूचेनने त्याला जवळजवळ ढकलूनच बाहेर काढलं होतं. घर सोडून त्याला दहा दिवस झाले होते. पण दर रात्री, दर दोन तासांनी मूसेनला जाग येई, आणि कुठल्याशा स्वस्त खोलीतल्या अनोळखी खाटेवर तो उजाडेपर्यंत बसून राही.

समोर चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी होती. तिला सांभाळणारी बाई बाटलीत पाणी भरायला गेली होती. म्हातारी हळूहळू खुर्चीतून खाली घसरायला लागली. मूसेन उठला, मागे गेला, तिच्या काखांखालून हात घातले आणि एका दमात तिला वर घेऊन नीट बसवलं. मग पायांची जागा केली, कमरेमागे टॉवेलाची गुंडाळी सरकवली. हे सगळं होऊन गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"काका, कुठल्या इस्पितळात कामाला आहात?" पाणी घेऊन आलेल्या बाईने विचारलं.

"घरीच होतो, आईपाशी," तो म्हणाला.

बाईचं नाव मार्नी. ती जावा बेटावरून आलेली, सात वर्षं या त्साई आजींकडे होती. ती बाकावर शेजारी बसली. आई कधी गेली, एवढंच तिने विचारलं, आणि मूसेनने बहिणीलाही न सांगितलेलं तिला सांगून टाकलं. आईला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागे. त्या रात्री दोनची दिली. चारला गजर वाजलाच असणार, पण तो उठला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. जाग आली तेव्हा साडेसहा झाले होते आणि आईचा हात गार पडला होता. सूचेनला त्याने सांगितलं, की आई माझ्या मांडीवर गेली.

मार्नीने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

"माझी आई गेली तेव्हा मी या आजींचे पाय चेपत होते," ती म्हणाली. "फोन आला. बोलून झालं, आणि राहिलेला पाय चेपला."

आजी डोळे मिटून होत्या. ऐकत होत्या की झोपल्या होत्या, कळत नव्हतं.

"तुम्ही जरा पडा, काका," मार्नी म्हणाली. "मी जागी आहे."

नको नको म्हणत मूसेन पिशवीला टेकला. देवळात कोणीतरी उदबत्त्या लावत होतं. तेवढा वास त्याला शेवटचा आठवला.

तो दचकून उठला तेव्हा ऊन कौलांवर चढलं होतं. पावणेपाच वाजले होते. मार्नी आणि आजी तिथंच होत्या.

"चारला उठवलं नाहीस?" तो जवळजवळ रागानेच बोलला.

"उठून काय करणार होतात, काका?"

तिने टोमणा मारला नव्हता, सहज विचारलं होतं. मूसेनचा चेहरा वेडावाकडा झाला. स्मशानातही डोळ्यांतून पाणी न काढलेला तो माणूस भर अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडायला लागला. मार्नीने त्याला गप्प केलं नाही.

"तुझ्या आईला हाक मारता येत होती का रे?" आजींनी विचारलं. डोळे त्यांनी अजून उघडले नव्हते.

"येत होती. आवाज बारीक झाला होता, पण तिचा नुसता घसा वाजला तरी मला जाग यायची."

"आणि त्या रात्री?"

"नाही ऐकू आली."

"मारलीच नसेल," आजी म्हणाल्या. मग त्यांनी मार्नीला खुर्ची घराकडे वळवायला सांगितली, कारण वारा सुटला होता. खुर्ची दोनचार पावलं गेल्यावर त्यांचा आवाज आला, मूसेनला उद्देशून की स्वतःशीच, कोण जाणे.

"झोपलेल्या पोराला कोण उठवतं?"