कॅरिअरवर जागा नाही

"बाबा, आता कुणाकडूनही काही घ्यायचं नाही!" मनवा सायकलवरून ओरडली. अलिबागहून निघताना बाबांच्या कॅरिअरवर एकच पिशवी होती. दापोलीपर्यंत वाटेतल्या नातेवाइकांनी तिच्यावर सात नारळ आणि कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. गोवा अजून चार दिवस लांब होता.

गुहागरला आत्याने फणस पुढे केला. बाबांनी मन घट्ट करून हात जोडले. "नको गं ताई, पोरगी रागावते."

आत्या रुसली ती रुसलीच. दोघं निघाले आणि धापा टाकत घाट चढले. माथ्यावर मनवाने बाबांची पाठ थोपटली. "शाब्बास! जमलं की नाही?"

बाबा मागे वळून गुहागरच्या दिशेने बघत राहिले.

"एवढं काय त्या फणसाचं? बरकाच असणार, बुळबुळीत गऱ्यांचा."

"कापा होता."

मनवाने सायकल वळवली. "नारळ उतरवून ठेवा. मी आलेच!"