उपासमार नसल्याचे पेढे

"पेढे आणा रे!" आबाराव चेअरमन ओरडला, तेव्हा सरकारी डॉक्टरांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

ईट गावच्या दूध सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली होती. मधोमध, दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या जलीलची पोरगी अन्वरी बसली होती. नुसती हाडं. शहाऐंशी सालचा उन्हाळा, गावात कुणाच्याच अंगावर मांस नव्हतं, चेअरमन सोडून. अन्वरीला साखरेचा आजार निघाला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, खायला न मिळाल्यानंही असं होतं. तेवढ्यावर दुष्काळ निधीतून तिला इंजेक्शन आणि दूध सुरू झालं. पोरगी तगली. पण निधीचा कारभार आबारावाकडं. आपल्या गावात उपासमार, हे त्याला लई झोंबलं. जलील तर मान खाली घालूनच फिरायचा. पोर आपणच उपाशी ठेवली, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

खरं काय ते कळावं म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्त मुंबईला धाडलं. आज निकाल आला.

"हिच्या रक्तात प्रतिपिंडं सापडलीत," डॉक्टर सांगत होते. "म्हणजे शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतंय. हा आजार भुकेचा नाही. पण इंजेक्शन जन्मभर लागेल. चुकलं तर पोर हातची जाईल."

जलीलचे डोळे भरून आले. "म्हंजी माझ्यामुळं न्हाय?"

"नाही, जलीलभाई."

आबारावानं तेवढंच उचललं.

"ऐकलं का? आपल्याकडं उपासमार न्हाय! खुद्द मुंबईनं सांगितलं. मग दुष्काळ निधीतून हिला कशापायी द्यायचं? इंजेक्शन बंद, दूध बंद."

शी! इतकं निलाजरं हसू माणसाच्या तोंडावर येतं तरी कसं? आणि ओट्यावरची माणसं माना डोलवत होती. डॉक्टर "अहो, पण ऐका तरी" म्हणत राहिले. सोसायटीच्याच दुधाचे पेढे फिरू लागले. लोक बोटं चाटत होते.

आबारावानं एक पेढा अन्वरीच्या हातावरही ठेवला. "खा पोरी, तोंड गोड कर."

अन्वरीनं पेढ्याकडं बघितलं. मग तो उचलून त्याच्याच हातावर परत ठेवला.

"ह्ये मला चालत न्हाय, चेअरमनसाब," ती म्हणाली. "भाकर हाय का? कालपासनं दुधाबिगर पोटात कायबी न्हाय."