नागमोडी चढ

धाकट्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी तात्या लेकाकडं, जालिंदरकडं, इंग्लंडला गेले. जन्मभर सायकलवरून दूध घातलेल्या तात्यांनी सत्तरीत तरी सायकल सोडावी, असा जालिंदरचा हेका.

एका सकाळी दोघं हिरव्या टेकड्यांमधल्या निवांत वाटेनं सायकलींवर निघाले. पुढं उभा चढ आला.

“पाय न टेकता वर जाऊन दाखवा, मग पुन्हा बोलणार नाही,” जालिंदर म्हणाला.

“आधी तू तर पोच.”

जालिंदर नेटानं सरळ चढला आणि निम्म्यातच उतरला. तात्या भरल्या किटल्यांच्या सवयीनं या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढत त्याच्या शेजारून गेले.

“किटल्यासुद्धा नाहीत, तरी उतरलास?”

जालिंदरनं शब्द पाळला. गावी परतल्यावरही तात्या सायकलवरच फिरले. नऊ वर्षांनी, माघात, ते वारले.